व्हरमाँटमध्ये भुशाची शेगडी

माँटपेलियरला जायचं ठरलं तेव्हा डोक्यात एकच गोष्ट होती, लाल-पिवळी झाडं! 2023 चा ऑक्टोबर. ऑफिसने दोन महिन्यांसाठी बोस्टनला पाठवलेलं आणि तिथून गाडीने तीन तासांवर सख्खी बहीण. कॅमेरा चार्ज, मेमरी कार्ड रिकामं, बॅगेत ताईसाठी चकलीची भाजणी. दारातच ताई म्हणाली, ‘‘फोटो उद्या काढ. आज आपल्याला स्टोव्ह घ्यायला जायचंय.’’

स्टोव्ह? मला वाटलं, स्वयंपाकाचा.

माँटपेलियर ही व्हरमाँट राज्याची राजधानी. राजधानी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे येतं, ते सगळं पुसून टाका. वस्ती जेमतेम आठ हजार. सोनेरी घुमटाचं छोटंसं विधानभवन, त्याच्या पाठीला टेकून रंगीत डोंगर, दोन मुख्य रस्ते आणि एक नदी. अमेरिकेत मॅकडोनल्ड्स नसलेली ही एकमेव राज्य-राजधानी, हे लोक इथे अगदी कॉलर ताठ करून सांगतात.

पण त्या ऑक्टोबरमध्ये मेन स्ट्रीटवरची कितीतरी दुकानं बंद होती. भिंतींवर चिखलाची रेघ. 10 आणि 11 जुलैला विनूस्की नदी गावात शिरली होती. ताईचं घर उतारावर, त्यामुळे वरचे मजले वाचले, तळघर मात्र छतापर्यंत भरलं. आणि इकडे घराचा जीव तळघरात असतो. तेलाची टाकी, बॉयलर, सगळं तिथेच. बॉयलर गेला. उन्हाळ्यात कुणाला त्याचं काय वाटणार? पण आता रात्री पारा शून्याला टेकत होता, नवीन बॉयलर बसवणाऱ्यांच्या याद्या जानेवारीपर्यंत भरलेल्या, ताईला सातवा महिना आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बाळंतपणाला आई येणार. आई सांगलीची. पूर तिने 2019 साली जवळून पाहिलाय. उणे वीसची थंडी नाही.

दुकान गावाबाहेर होतं. आत पाऊल टाकलं आणि ऊब अंगावर आली. एका बाजूला लाकडाचे काळेभोर ओतीव स्टोव्ह, दुसऱ्या बाजूला पेलेटचे. मला अर्थातच लाकडाचा आवडला. बर्फ पडतोय, लाकडं तडतडतायत, हातात कॉफीचा मग... दुकानातल्या आजोबांनी माझा सिनेमा तिथेच बंद केला. लाकूड फोडून निदान वर्षभर वाळवावं लागतं. ऑक्टोबरमध्ये कोरडं लाकूड शोधायला निघालात तर ओलंच पदरात पडणार. ओलं लाकूड धूर जास्त करतं, ऊब कमी देतं आणि धुराड्यात डांबर साठवतं. शिवाय रात्री उठून ओंडके कोण घालणार? जिजू हॉस्पिटलमध्ये नाइट शिफ्टला. ताईने नुसतं माझ्याकडे पाहिलं. लाकूड बाद.

मग त्यांनी मूठभर पेलेट माझ्या हातावर ठेवले. म्हशीला घालतात ना, त्या कांडी पेंडेसारखे दिसतात. लाकडाचा भुसा प्रचंड दाबाखाली दाबून केलेल्या सहा मिलिमीटर जाडीच्या कांड्या. दाबताना लाकूड इतकं तापतं की त्यातलंच लिग्निन मऊ होऊन भुसा चिकटवतं. गोंद लागत नाही. मला एकदम आजीची भुशाची शेगडी आठवली. मधोमध बाटली उभी धरायची, भोवती भुसा ठासून भरायचा, बाटली अलगद काढायची आणि खालून पेटवायचं. तीच आयडिया! फक्त इथे ठासायचं काम मशिनचं आणि वाढायचं काम मोटरचं. स्टोव्हच्या पोटातल्या टाकीत कांड्या ओतायच्या. एक स्क्रू फिरत फिरत त्या थोड्या थोड्या जाळावर टाकतो, एक पंखा जाळाला हवा देतो, दुसरा गरम हवा खोलीत फेकतो. धूर तीन-चार इंची पाइपने सरळ भिंतीतून बाहेर. वीटकामाचं धुराडं नको.

जिजूंची उडी सगळ्यात मोठ्या मॉडेलवर. (पुरुष आणि मोठी मॉडेल्स, यावर एक वेगळा लेख होईल.) आजोबांनी मान हलवली. गरजेपेक्षा मोठा स्टोव्ह सतत मंद चालवावा लागतो. मग काच काजळते, राखेचे खडे होतात. चौदाशे स्क्वेअर फुटांच्या घराला चाळीस हजार बीटीयूचा पुरे. मग ताईचे प्रश्न सुरू झाले आणि ती किती तयारीने आलीय ते कळलं. आवाज किती? (चालू करून ऐकला. फुल स्पीडवरच्या टेबल फॅनइतका, वर स्क्रूचं टकटक.) काच किती तापते? (भाजेल इतकी. बाळ रांगायला लागायच्या आत समोर जाळी हवी.) गोणी केवढी? चाळीस पौंड, म्हणजे अठरा किलो. सातव्या महिन्यात ती उचलायची नाही, तेव्हा डबलं घेऊन ओतायचं.

‘‘आणि लाइट गेली तर?’’ हे मी विचारलं. लोडशेडिंगमध्ये दहावीचा अभ्यास केलेल्या मुलीला दुसरं काय सुचणार! आजोबा म्हणाले, तर बंद. स्क्रू थांबला, पंखे थांबले, विझला. ताई आणि मी एकदम म्हणालो, ‘‘इन्व्हर्टर!’’ पेटताना त्याला तीन-चारशे वॅट लागतात, एकदा पेटला की शंभरच्या आसपास. म्हणजे चांगल्या बॅटरीवर पाच-सहा तास निघतात. फक्त इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा हवा, नाहीतर कंट्रोल बोर्ड रुसतो.

विकणाऱ्याने स्वतःच्या मालाची उणी बाजू सांगावी, हे मी तिथे पाहिलं. हा स्टोव्ह बसेल ती खोली तापेल, वरच्या बेडरूम थोड्या गारच राहतील आणि तळघरात ऊब पोचणारच नाही. तिथले पाण्याचे पाइप गोठून फुटतील, त्यांना विजेची गरम पट्टी गुंडाळा. बॉयलर आज ना उद्या लागेलच. जिजूंचा चेहरा पडला. पण ताईने डिसेंबरचा हिशेब केला आणि कार्ड पुढे केलं.

कांड्या तीन टन. टनाला पन्नास गोण्या, म्हणजे दीडशे. एक टन म्हणजे जवळपास 115 गॅलन तेलाची ऊब. ठेवायच्या कुठे? तळघरात तर नाहीच! ओल लागली की कांडीचा परत भुसा. गॅरेजमध्ये लाकडी फळ्यांवर थप्पी लावली. रविवारी मी आणि जिजूंनी दीडशे गोण्या वाहिल्या. झाडांचे फोटो निघाले एकूण अकरा.

जानेवारीत पुण्याहून फोन केला. तीन आठवड्यांची भाची झोपलेली. आदल्या रात्री बर्फाच्या वादळात चार तास लाइट नव्हती, स्टोव्ह बॅटरीवर चालला. आईला त्याचं फारसं कौतुक नव्हतं. तिची तक्रार वेगळीच होती. इतकी बारीक, मऊ राख आणि हे लोक ती फेकून देतात! निखारा राहतो म्हणून दोन दिवस झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात अंगणात ठेवायची, मग आत आणायची, असं तिने ठरवून टाकलं होतं. ‘‘तुझ्या ताईची कढई बघ एकदा,’’ म्हणाली, ‘‘आता कुठे कढईसारखी दिसायला लागलीय.’’