कोटणीसांची शब्दवही

चीनमधल्या शिजियाझुआंग शहरात हुतात्म्यांच्या दफनभूमीत डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची कबर आहे. तिथल्या छोट्या संग्रहालयात शस्त्रक्रियेची काही हत्यारे आहेत, माओसारख्या बड्या मंडळींबरोबरचे फोटो आहेत, आणि एक वहीही आहे. १९३८ साली भारतातून चीनला जाताना कोटणीसांनी प्रवासातच लिहिलेली शब्दांची वही.

आम्ही पडलो भाषा शिकवणारे. फोटोंपेक्षा आमचा जीव त्या वहीतच अडकतो. उर्दू शाळेतल्या आमच्या मुलांच्याही अशा वह्या असतात. मराठी शब्द डावीकडून निघतो, उर्दू अर्थ उजवीकडून येतो, मधल्या रेघेपाशी दोघांची गाठ पडते. जखमी माणसाला 'कुठे दुखते?' हे आपल्याच तोंडाने विचारायचे, असे ठरवूनच सोलापूरचा हा तरुण निघाला असावा.

काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांपैकी चौघे परतले, कोटणीस राहिले. आठव्या रूट आर्मीबरोबर डोंगराळ भागात त्यांनी काम केले. १९४० च्या एका लढाईत ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या, असे सांगतात. १९४१ मध्ये ग्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न झाले. मुलाचे नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. १९४२ मध्ये ते कम्युनिस्ट पक्षात गेले आणि त्याच वर्षी ९ डिसेंबरला फेफऱ्याने वारले. वय अवघे ३२.

ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले, त्यावरून शांतारामबापूंनी १९४६ मध्ये चित्रपट काढला. इथवर वर्गात सांगायला सोपे. पण कोटणीसांनी ज्या फौजेचे जखमी बरे केले तीच पुढे चीनच्या मुक्तिसेनेत सामील झाली, आणि १९६२ साली आपल्या जवानांसमोर उभी राहिली. मग एखादा मुलगा विचारतोच, "सर, म्हणजे ते कुणाकडचे होते?"

हा प्रश्न आमच्या मुलांना फार लवकर कळतो. क्रिकेटचा सामना असला की गल्लीबाहेर त्यांना तो विचारला जातो. आम्ही त्याला सुभाषबाबूंचे सांगतो. या वैद्यकीय पथकासाठी मदतीचे आवाहन केले तेव्हा ते काँग्रेसचे अध्यक्ष होते. १९४३ मध्ये तेच जपानच्या मदतीने इंग्रजांशी लढायला उभे राहिले. मुलगा गोंधळतो. गोंधळू दे.

यिनहुआ डॉक्टर होता होता २४ व्या वर्षी गेला. ग्वो छिंगलान मात्र १९६२ नंतरही भारतात येत राहिल्या, सासरच्या माणसांना भेटायला.