वय वर्षं २८, आजार संधिवात

संधिवात म्हटलं की डोळ्यासमोर कोण येतं? आजी! गुडघ्याला पट्टा, उशाशी तेलाची बाटली. त्यामुळे पुण्यात दिवसभर जावा कोड लिहिणारा माझ्यासारखा प्राणी "मला संधिवात आहे" म्हणाला की समोरचा आधी हसतो. मग म्हणतो, "अरे, खुर्चीत बसून बसून होतं तसं. जरा आराम कर."

तर मंडळी, आजीचा संधिवात बहुतेकदा झिजेचा असतो. माझा वेगळा. नाव अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस (हे नाव नीट म्हणता यायलाच मला आठवडा लागला). यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते, मुख्यतः कण्याच्या आणि कण्याचं खालचं टोक कमरेच्या हाडांना जुळतं तिथल्या. काही जणांचे मणके पुढे एकमेकांना जुळून कणा ताठ होतो. आणि हा आजार बहुतेकांना गाठतो तोच मुळी ऐन तारुण्यात.

गंमत म्हणजे, आराम केला की हे दुखणं वाढतं आणि हालचाल केली की कमी होतं! पहाटे चारला दुखण्याने जाग येते. उठल्यावर अर्धा-पाऊण तास अंग लाकडासारखं. दहाला ऑफिसात पोचेपर्यंत मी एकदम ठणठणीत, मग विश्वास कोण ठेवणार? तुमचंही असं तीन महिन्यांच्या वर चाललं असेल तर ऱ्हुमॅटॉलॉजिस्टला गाठा. रक्तातला आर.ए. फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणून निर्धास्त राहू नका. या आजारात तो सहसा निगेटिव्हच येतो. एक्स-रेसुद्धा सुरुवातीची काही वर्षं साफ दिसू शकतो. माझं दुखणं एमआरआयमध्ये पकडलं गेलं, तेही सुरू झाल्यावर तीन वर्षांनी.

उपाय आहेत. रोजचा व्यायाम हे निम्मं औषध. सूज उतरवणाऱ्या गोळ्या. त्यांनी भागलं नाही तर अडॅलिम्युमॅबसारखी इंजेक्शनं. त्याचं भारतीय रूप २०१४ साली बाजारात आलं. आधी टीबीची तपासणी मात्र करावीच लागते, कारण या इंजेक्शनाने लपलेला टीबी डोकं वर काढू शकतो.

असो. खरा प्रश्न वेगळाच आहे. घरात सध्या माझ्यासाठी स्थळं बघणं चालू आहे. मावशीचं म्हणणं, "दिसत तर काही नाही, मग सांगायचं कशाला?" आई काहीच बोलत नाही, ते जास्त लागतं. मी पहिल्या भेटीतच सांगायचं ठरवलंय. आतापर्यंत दोन ठिकाणांहून "पत्रिका जुळत नाही" आलं. आधी जुळत होती बरं का!

तिसरीने मात्र सरळ विचारलं, "मुलांना होईल का?"

मला ते आवडलं. म्हटलं, एचएलए-बी२७ नावाचं एक जनुक आहे, या आजाराशी त्याचा संबंध १९७३ साली लक्षात आला. माझ्यात ते आहे. मुलाकडे जायची शक्यता साधारण निम्मी. पण ते असणाऱ्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही. खात्री मात्र देता येणार नाही.

ती म्हणाली, विचार करून सांगते. हसली नाही, आराम कर म्हणाली नाही. उत्तर काहीही येवो, एवढ्यावरच तो रविवार मस्त गेला.