एकोणपन्नास चेक परत

कारकुनाच्या अक्षराचं कौतुक झालेलं तुम्ही कधी ऐकलंय? मी ऐकलंय. अमेरिकेत झालं, आणि तेही एका यंत्राच्या शिकवणीपायी.

त्याचं असं झालं. टपालाच्या पाकिटांवर हातानं लिहिलेले पिनकोड यंत्राला वाचता यावेत म्हणून यान लकून आणि मंडळींनी १९८९ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये खटाटोप मांडला. यंत्राला नियम सांगायचेच नाहीत. 'सात म्हणजे वर आडवी रेघ आणि खाली तिरकी' असं शिकवायला जावं, तर पहिलाच डॉक्टर त्या नियमाचे तीनतेरा वाजवणार. त्यापेक्षा शेकड्यांनी सात दाखवायचे, आणि चुकलं की आतले हजारो स्क्रू (ते म्हणजेही आकडेच!) जरा जरा पिळून पुन्हा विचारायचं. आमच्या गणिताच्या मास्तरांचीही हीच पद्धत होती. फक्त त्यांना पिळायला स्क्रू नव्हते, कान होते.

पुढे याच कामासाठी 'एमनिस्ट' नावाचा ७०,००० आकड्यांचा संग्रह तयार झाला. त्यातले निम्मे आकडे लिहिले जनगणना खात्यातल्या नोकरदारांनी आणि निम्मे शाळकरी पोरांनी. त्यात नोकरदारांचे आकडे जास्त स्वच्छ, वाचायला सोपे निघाले! हे मी घरी मोठ्यानं वाचून दाखवलं. बायको म्हणाली, "ते अमेरिकेतले."

१९९६ पासून तिकडच्या बँकांत हे यंत्र चेकवरची रक्कम वाचू लागलं. पण खरी गंमत परीक्षेच्या अटीत आहे. शंभरातले पन्नास चेक बरोबर वाचले, एक चुकला आणि एकोणपन्नास 'आपल्याला जमत नाही बुवा' म्हणून माणसाकडे परत पाठवले, तरी यंत्र पास! मी एका दिवशी एकोणपन्नास चेक साहेबांच्या टेबलावर ठेवले असते, तर दुपारच्या चहाबरोबर माझा बदलीचा कागद आला असता.

तरी मला यंत्राचा हाच गुण आवडला. अर्थात तो त्याचा स्वतःचा नव्हे. त्याला उत्तरं दहाच ठाऊक. चिरडलेला डास दाखवला तरी ते दहातलंच एक सांगणार. आपला मराठी ४ दाखवलात तर बहुधा इंग्रजी आठ म्हणेल आणि तुमची रक्कम दुप्पट करून देईल. 'इतक्या खात्रीच्या खाली असेल तर माणसाला विचार' ही रेघ कुणीतरी शहाण्या माणसानं आखून दिली, म्हणून बरं.

आमच्या खातेदारांत एक पेन्शनर आजोबा आहेत. अर्धांगवायू झाल्यापासून त्यांची सही दर महिन्याला नवं वळण घेते. नमुन्याशी ताडली तर ती त्यांच्या आईलाही ओळखता यायची नाही. ते काउंटरवर आले की मी आधी आजोबा बघतो, मग सही. मग साहेबांसमोर नवा नमुना. आजोबांच्या औषधांचे पैसे त्याच चेकवर असतात, हो.

परवा एक टायवाला तरुण सह्या पडताळायचं यंत्र दाखवायला आला. मिनिटाला किती, सेकंदाला किती, सगळं सांगून झालं. मी विचारलं, "यातले माणसाकडे परत किती येतात?"

"एकसुद्धा नाही, सर!" तो छाती फुगवून म्हणाला.

मी त्याला चहा सांगितला आणि उठलो. दारात आजोबा काठी टेकत उभे होते, त्यांना खुर्ची हवी होती.