भजनाच्या पेटीचा माग
आमच्या इच्छापुरात भजनी मंडळाची पेटी मालगुजारानं दिली असं काही जण सांगत, तर काहींच्या मते ती एका नाटक कंपनीनं मागे ठेवलेली. ही दोन्ही उत्तरं माझ्या मनाला पटत नव्हती. ज्या पेटीवर आपल्या बापजाद्यांनी अभंग म्हटले, तिची खरी हकिकत आपल्याला माहीत असावी, एवढ्यासाठी मी मागे लागलो.

दर्शनी पट्टीवर मुंबईच्या एका दुकानाचं नाव आहे. बहुतेक लोक तिथंच थांबतात. पण जुन्या पेट्यांचे सूर पुष्कळदा पॅरिसहून नाहीतर जर्मनीहून येत, खोकं इथले सुतार करत आणि वर पाटी लागे ती विकणाऱ्याची. म्हणून बऱ्हाणपुरातल्या एका वयस्कर मिस्त्रींकडून पेटी उघडून घेतली. सुरांची फळी बाहेर आली तेव्हा पितळी पट्ट्यांवर पॅरिसच्या कास्रिएलचा ठसा दिसला. मधल्या काही पट्ट्या मात्र फिकट रंगाच्या आणि बिनठशाच्या. हे गुजरातेतल्या पालिताण्याचे सूर, मागाहून बसवलेले, असं मिस्त्री पाहताक्षणी म्हणाले.

मग त्यांनी भिंग धरून जिभांवरच्या कानशीच्या रेघा दाखवल्या. सूर चढवायचा तर जीभ टोकाकडे घासतात, उतरवायचा तर मुळाशी. इथं जवळजवळ सगळ्या जिभा टोकाकडे घासलेल्या. फ्रान्सनं 1859 मध्ये 'ए' या स्वराची कंपनं सेकंदाला 435 ठरवली होती. पुढे जगभर 440 रूढ झाली. तेव्हा कुणीतरी एकेक जीभ घासत ही पेटी नव्या पट्टीत आणली असणार. केवढा धीर लागला असेल! जरा जास्त घासलं की सूर हातचा गेला. त्या माणसालाही मी या पेटीचा कारागीरच मानतो, पॅरिसवाल्याइतकाच.

मालकाचा धागा खोक्याच्या तळाशी होता. काळ्या रंगात एक आडनाव, खाली 'इच्छापुर, जि. निमाड'. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत आमचा जिल्हा पूर्व निमाड झाला, त्यामुळे ही अक्षरं बहुधा त्याआधीची. त्या आडनावाचं घर आता गावात नाही. विचारत विचारत हद्दीपलीकडे मुक्ताईनगरला पोचलो. घरातल्या आजींनी माझं ऐकून घेतलं आणि उलट मलाच विचारलं, "भाऊ, पेटीच्या दोन्ही अंगाले पितळी कड्या हायेत का?"

होत्या. त्या कशासाठी, हे आम्हाला कधी उमगलं नव्हतं.

"मग ती आमच्या मामंजींचीच. कड्यांमधी पट्टा घालून गळ्यात अडकवायचे अन् मुक्ताबाईच्या पालखीसंगं पंढरपूरले जायचे. हात थरथराले लागले तवा मंडळाले देऊन टाकली. मालगुजाराचा काय संबंध?"

शेवटचं वाक्य त्या जरा तडकून बोलल्या, आणि ते रास्तच होतं.

मंडळाच्या वहीत मी हे सगळं लिहिलं: मुंबईचं दुकान, पॅरिस, पालिताणा, आजींचे मामंजी. पेटी पुन्हा बंद करण्याआधी मिस्त्रींना आतल्या फळीवर पेन्सिलीनं त्यांचं नाव आणि साल घालायला लावलं. ते नको नको म्हणत होते, पण मी ऐकलं नाही.