घाटात शिकलेला धडा

धडा शिक्षकाने द्यावयाचा आणि विद्यार्थ्यांनी घ्यावयाचा, असा शाळेचा जुना रिवाज आहे. परंतु हा क्रम कधी कधी उलटतो. गेल्या वर्षी कार्तिक महिन्यातील एका सायंकाळी सिल्लेवानीच्या घाटात मला असाच एक धडा मिळाला. त्यात माझ्या मोठेपणाचे काहीच नाही. तरीही विद्यार्थिमित्रांना आणि त्यांच्या पालकांना तो सांगितला पाहिजे, असे मला फार दिवस वाटत होते.

माझी मातृभाषा कोकणी. माझे बालपण समुद्र आणि सह्याद्री यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत गेले. आंबोलीचा घाट चढताना बस तापली की ती वाटेत थांबे, वाहक पाण्याचा डबा घेऊन उतरे आणि आम्ही मुले कुरकुर करू लागत असू. तेव्हा आजी म्हणे, "मातशें राव." म्हणजे जरासा थांब. नोकरीच्या निमित्ताने मी सौंसरला आलो आणि येथलाच झालो. १९५६ साली राज्यांच्या सीमा बदलल्या, २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळा निघून पांढुर्णा जिल्हा झाला, पण येथल्या घरांतील मराठी आणि बागांतील संत्री आपल्या जागी आहेत. कोकणातून आलेल्या मला या मराठीने परके वाटू दिले नाही. मागे राहिली ती फक्त आजीची ती दोन अक्षरे, आणि तीही मी विसरत चाललो होतो.

माझ्या थोरल्या बंधूंनी आपली जुनी मोटार मला दिली. ती स्वयंचलित गिअरची आहे. डाव्या पायाला काम नाही, हाताने गिअर बदलणे नाही. हे सुख मला फार आवडले. त्या सायंकाळी मी छिंदवाड्यास निघालो होतो. शेजारी आमच्या आळीतील एक वृद्ध काका बसले होते. नागपूर-छिंदवाडा ही छोट्या रुळांची रेल्वे २०१५ साली रुंदीकरणासाठी बंद झाली. त्या गाडीचे इंजिन त्यांनी अनेक वर्षे चालविले होते. रामाकोना मागे पडला, सातपुडा जवळ आला आणि घाटाची वळणे सुरू झाली. तिसऱ्या-चौथ्या वळणावर एक बंद पडलेली मोटार दिसली. जवळ एक गृहस्थ, त्यांची पत्नी, म्हातारी आई आणि मोठा मुलगा उभे होते. दिवस मावळत होता.

काका म्हणाले, "सर, माणसं आपल्या गाडीत घ्या जी. गाडी राहू द्या, क्रेन बोलावता येईल." सल्ला सरळ होता. परंतु परोपकाराबरोबर थोडी प्रौढीही माणसाच्या अंगात शिरते. त्या गृहस्थांजवळ जाड दोर होता. मी म्हणालो, "एवढ्यासाठी क्रेन कशाला? वरपर्यंत मी ओढून नेतो." मुलगा त्यांच्या गाडीच्या चाकाशी बसला, बाकीची मंडळी माझ्या गाडीत आली आणि आम्ही निघालो. चढणीवर दोराने गाडी ओढणे किती धोक्याचे असते, याचा विचार तेव्हा माझ्या मनाला शिवला नाही.

दोन वळणे गेल्यावर समोरच्या फलकावर एक दिवा लागला. काकांनी तो माझ्या आधी पाहिला. "तेल तापलं. थांबा बाप्पा," ते म्हणाले. मी म्हणालो, "आता थोडंच राहिलं, काका." खरे तर किती राहिले हे मला ठाऊक नव्हते. मागे अनोळखी मंडळी बसली होती, आणि त्यांच्यापुढे हार मानण्याची मला लाज वाटत होती. आणखी एक वळण गेले. मग करपलेला वास आला. इंजिन मोठ्याने गुरगुरू लागले, पण गाडीचा वेग मात्र कमी कमी होत गेला. अखेर मी ती कडेला घेतली. माझे हात थरथरत होते.

मी किल्ली फिरवून इंजिन बंद करणार, तोच काकांनी माझा हात धरला. "इंजिन चालू ठेवा. गिअर 'पार्क'वर घ्या, हातब्रेक ओढा." मग ते या वयात खाली उतरले आणि दोन्ही गाड्यांच्या चाकांमागे त्यांनी दगड लावले. इंजिन चालू राहिले तरच तेलाचा पंप फिरत राहतो, तापलेले तेल थंड करणाऱ्या नळ्यांतून जाते आणि पंख्याचा वारा त्या नळ्यांना लागतो. इंजिन बंद केले तर तेल आहे तिथेच तापलेले राहते, हे त्यांनी मला समजावून सांगितले.

त्या पाऊण तासात घाटाच्या कठड्याशी उभे राहून मी जे शिकलो ते असे. हातगिअरच्या मोटारीत इंजिन आणि गिअरपेटी यांना क्लच जोडतो. माझ्या मोटारीसारख्या स्वयंचलित मोटारीत त्या जागी तेलाने भरलेला टॉर्क कन्व्हर्टर असतो. हर्मन फोटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली ही युक्ती शोधली. समोरासमोर दोन पंखे ठेवले आणि एक सुरू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. कन्व्हर्टरमध्ये वाऱ्याच्या जागी तेल असते. इंजिनाचा पंखा तेल भिरकावतो आणि त्या तेलाच्या माऱ्याने चाकांकडचा पंखा फिरतो. सपाट रस्त्यावर दोघांची गती जवळजवळ सारखी राहते. पण ओझे जड असले आणि चढण असली, तर पहिला पंखा जोरात फिरतो आणि दुसरा मागे पडतो. या दोन गतींतील अंतर फार वाढले की बरीच शक्ती वाया जाते, आणि ती उष्णता होऊन तेलात उतरते. हे तेल साधारणतः ८० ते ९५ अंश सेल्सिअसवर नीट काम करते. १२० अंशांच्या वर ते झपाट्याने बिघडू लागते, आणि तेल बिघडले की आतल्या घर्षणाच्या चकत्या घसरून जळतात.

काका म्हणाले, "आमच्या छोट्या गाडीच्या डिझेल इंजिनातही तेलाचीच करामत होती, सर. जड गाडी चढणीवर रेंगाळली की तेल तापायचं. तेव्हा काट्यावर नजर ठेवायची. काटा चढला की अहंकार उतरवायचा." रेल्वेच्या अशाच तेलाच्या गिअरयोजनेत आपल्या देशातील अभियंते मनमोहन सुरी यांनी मोलाची भर घातली आणि १९६२ साली त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला, हे मला पुढे वाचनात आढळले. काकांनी ते नाव ऐकले होते. पदवीधर असूनही मी ते ऐकले नव्हते.

दिवा विझल्यावर आम्ही दोर सोडला. ते गृहस्थ व मुलगा क्रेनची वाट पाहत गाडीपाशी थांबले आणि स्त्रियांना घेऊन आम्ही वर निघालो. काकांनी मला गिअर खालच्या टप्प्यावर ठेवावयास सांगितले. त्यामुळे इंजिन जलद फिरते, चाकांना जोर मिळतो, तेलातली घसरण कमी होते आणि वरचा-खालचा गिअर घेण्याची गाडीची धडपडही थांबते. उमरानाल्याच्या पठारावर थंड वारा लागला, तेव्हा मी बऱ्याच वेळाने मोकळा श्वास घेतला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने तेल काढून दाखविले. जे तांबडे आणि पारदर्शक असावयाचे ते काळपट झाले होते, आणि त्याला जळका वास येत होता. गिअरपेटी थोडक्यात वाचली होती. मिस्त्रीने विचारले, "गाडीचं पुस्तक वाचलं होतं का?" ते पुस्तक समोरच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत जसेच्या तसे होते. किती वजन ओढावे, दिवा लागल्यास काय करावे, हे सारे त्यात स्पष्ट छापले होते. "प्रश्नपत्रिकेवरील सूचना आधी वाचा," असे मुलांना वर्षानुवर्षे बजावणारा मी! मला मान वर करवेना.

पण खरी शरम त्यानंतर वाटली. त्या रात्री मला दहावीतील एक मुलगी आठवली. वक्तृत्वस्पर्धा, स्नेहसंमेलनातील नाटक, हस्तलिखित, शिवाय शालान्त परीक्षा. जे काम पुढे येई ते मी तिच्यावर सोपवीत असे, कारण ती कधी नाही म्हणत नसे. मधूनमधून ती वर्गात डोके टेकून बसे. एकदा तिने विचारले होते, "सर, नाटकात दुसरं कुणी चालेल का?" मी हसून म्हणालो होतो, "आता थोडंच राहिलं." त्या वर्षी ती महिनाभर शाळेत आली नाही. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती. ती बरी झाली, उत्तीर्णही झाली. पण तिच्या आईने मला एक शब्दही दूषण दिले नाही, हे आजही मनाला लागते. घाटात मी काकांना जे उत्तर दिले, तेच अक्षरशः तिला दिले होते.

या वर्षीच्या संमेलनाची कामे मी सोळा मुलांत वाटली. काही कामे अर्धवट झाली, पडदा एकदा मध्येच अडकला. तरी कोणी आजारी पडले नाही. आणि त्या मुलीला मी पत्र लिहिले. त्यात क्षमा मागितली आहे. तिचे उत्तर आले, ते माझ्यापाशीच राहू दे.

विद्यार्थिमित्रहो, ओझे ओढण्यास भिऊ नका. पण आपल्यातला दिवा लागला तर तो लपवू नका. आणि मोठ्यांनो, मुलाने दाखविलेला दिवा हसण्यावारी नेऊ नका. थांबल्याने घाट लांबत नाही. आजी म्हणत असे तेच खरे: मातशें राव.