यंदाची यादी, आणि एक तिकीट

दर डिसेंबरात मी इथे वर्षभरात आवडलेलं गाणं, ठिकाण आणि माणसं लिहितो. जुने मित्र वाट बघतात, काहीजण चेष्टाही करतात. यंदा, म्हणजे २०२४ची यादी लिहायला बसलो आणि ठिकाणापाशी हात थांबला. लिहायचं होतं, केशवराव भोसले नाट्यगृह. आणि ते तर ८ ऑगस्टच्या रात्री जळालं.

आधी गाण्याचं उरकतो. यंदा सगळ्यात जास्त कानावर पडलं ते प्रचाराच्या रिक्षांवरचं. लोकसभा आणि विधानसभा एकाच वर्षात, त्यामुळे आमच्या गल्लीला सुट्टीच नव्हती. ते सोडून मुद्दाम लावून ऐकलं ते प्रभाताई अत्रेंचं. १३ जानेवारीला त्या गेल्या. वय ९१, आणि त्याच दिवशी मुंबईत गाणं ठरलेलं! नंतर महिनाभर रात्रीचं जेवण झालं की त्यांचा मारू बिहाग. बायको म्हणाली, दुसरं काही नाहीच का तुमच्याकडे? फेब्रुवारीत झाकीरभाईंना एकाच रात्री तीन ग्रॅमी पुरस्कार मिळाले, तेव्हा 'शक्ती' लावलं. १५ डिसेंबरला रात्री ते गेल्याची बातमी आली, मग ती खोटी आहे असं आलं, आणि सकाळी खरी निघाली. मीही श्रद्धांजली टाकली, काढली, परत टाकली. लाज वाटली त्याची.

आता नाट्यगृह. शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं, तेव्हाचं पॅलेस थिएटर. शेजारी कुस्तीचं खासबाग मैदान. एका अंगाला कुस्ती आणि एका अंगाला नाटक, हे कोल्हापूरलाच सुचावं. ज्या केशवरावांचं नाव दिलं, ते गेले तेव्हा जेमतेम एकतीस वर्षांचे होते. बाबांनी मला चौथीत असताना पहिलं नाटक तिथं दाखवलं. दुसऱ्या अंकात मी झोपलो आणि बाबांनी मला उचलून स्कूटरपर्यंत आणलं. नाटक कुठलं ते आठवत नाही. बाबांच्या शर्टाचा वास आठवतो.

माझा एक मित्र शिरोली एमआयडीसीत लेथवर असतो आणि संध्याकाळी हौशी नाटकांची लाईट करतो. जुलैमध्ये त्याचा फोन आला, "भावा, शनिवारी प्रयोग हाय केशवरावला, ये की." पाऊस पडत होता, पंचगंगा चढत होती, सबब तयारच होती. "पुढच्या खेपेला नक्की," म्हणालो. तिकिटाचे पैसे मात्र पाठवले. म्हणजे काम झालं, असं आपल्याला वाटतं.

त्या रात्री धावत गेलो तेव्हा तो गर्दीत उभा होता. बंब पाणी मारत होते. त्याचे स्वतःचे स्पॉट आत होते का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "स्पॉट परत घेता येतील रं. ही जागा कुठनं आणायची?" मी काहीच बोललो नाही. पुढची खेप म्हणालो होतो ना. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. जयंतीला जमणारी माणसं काळ्या पडलेल्या भिंतींसमोर जमली आणि रडली. मोठी, मिशा राखलेली माणसं.

पुन्हा जसंच्या तसं उभारू, अशी घोषणा झाली आहे, निधीही जाहीर झाला आहे. होईलही. माझी काळजी वेगळी आहे. हौशी ग्रुप म्हणजे आठ-दहा नोकरी करणारी माणसं आणि तालमीला मिळालेली एखादी खोली. दोन-तीन वर्षं रंगमंच नसला तर एकजण पुण्याला जातो, एकीचं लग्न होतं, एकाची शिफ्ट बदलते, आणि मग इमारत झाली तरी आत नाटक करायला कोण उरलंय ते शोधावं लागतं. भिंतींचं टेंडर निघतं, या माणसांचं निघत नाही. ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा मीही पेढे खाल्ले, पण घास थोडा अडकला.

दुसरं ठिकाण मिरज. याच मित्राच्या आईचा जुना तंबोरा दुरुस्तीला द्यायचा होता, म्हणून दिवाळीआधी सतारमेकर गल्लीत गेलो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला यंदाच जीआय मिळालं, पण गल्लीत शिरल्यावर पहिल्यांदा दिसतात ते टांगलेले भोपळे. एक म्हातारे चाचा जवारी काढत बसले होते. तारेखाली दोरा सरकवायचा, छेडायचं, ऐकायचं, परत घोडी घासायची. तासभर. बाहेर हॉर्न वाजत होते, त्यांना काही ऐकू येत नव्हतं, म्हणजे जे नको ते ऐकू येत नव्हतं. जीआयचं विचारलं तर म्हणाले, "चांगलं झालं. आता पोरगं शिकायला बसलं पाहिजे." प्रभाताईंचे गुरू सुरेशबाबू आणि हिराबाई, ही अब्दुल करीम खाँसाहेबांची मुलं, आणि खाँसाहेब याच मिरजेत राहिले. माझं जानेवारीतलं गाणं इथून निघालं होतं, हे ऑक्टोबरात कळलं.

तर माणसं दोन, लाईटवाला मित्र आणि ते चाचा. दोघांची नावं देत नाही, दोघांनाही आवडायचं नाही.

मित्राच्या ग्रुपचं नाटक जानेवारीत एका शाळेच्या हॉलमध्ये आहे. प्लास्टिकच्या खुर्च्या आणि पडदा भाड्याचा. मी दोन तिकिटं काढलीत. बायकोला त्या दिवशी माहेरी जायचंय, त्यामुळे एक शिल्लक आहे. कोण येतंय ते खाली लिहा. पैसे पाठवून मोकळं व्हायचं नाही, यायचं.