सिंहगडाकडे तोंड करून

पुण्याच्या गच्च्यांना एके काळी दिशा होती. पेठांतल्या वाड्यांची कौलं असोत, कोथरूडचे नवे बंगले असोत की पिंपरी-चिंचवडच्या कामगार वसाहती, मान वर केली की ॲल्युमिनियमच्या नळ्या दिसायच्या आणि त्या साऱ्या एकाच बाजूला पाहत असायच्या. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पुढच्याच वर्षी सिंहगडावर सहक्षेपण केंद्र आलं, आणि तानाजीच्या गडावरून संध्याकाळच्या बातम्या, चिमणराव, गुंड्याभाऊ, शेतकऱ्यांसाठी ‘आमची माती आमची माणसं’ असं सगळं शहरात उतरू लागलं. परगावच्या पाहुण्याला सिंहगड कुठे आहे ते बोटाने दाखवावं लागत नसे. गच्चीवर नेलं की काम झालं.

अँटेना फिरवणं हे एकट्याचं काम नव्हतं. एक जण कौलांवर, एक जिन्यात, एक टीव्हीसमोर. “आलं का?” “मुंग्याच आहेत!” “आता?” “आलं, आलं, थांब... गेलं!” मधला जिन्यातला माणूस बहुधा घरातला सर्वांत लहान असायचा आणि खालची वाक्यं वर पोचवताना त्यात स्वतःची भर घालायचा. मग हात काढला की चित्र जायचं, हात ठेवला की यायचं, आणि कोणीतरी सुचवायचं, “तू तिथेच उभा राहा ना अर्धा तास.” चपटी वायर खिडकीच्या फटीतून आत यायची, त्यामुळे ती खिडकी पावसाळ्यातही पूर्ण लागत नसे. संक्रांतीला नळ्यांत पतंग अडकायचे आणि कावळ्यांची शाळा तर बारा महिने तिथेच भरायची.

त्या काळाची आरती ओवाळायचं कारण नाही. एकच वाहिनी, तीही मोजके तास. जे दाखवतील ते पाहायचं, मध्येच पडद्यावर ‘व्यत्यय’ आला की त्याकडेही निमूट पाहत बसायचं. पण १९८७ मध्ये रविवारी सकाळी ‘रामायण’ लागलं की रस्ते ओस पडत, ते कोणी संचारबंदी लावली म्हणून नव्हे. राम धनुष्य उचलायचा तो सदाशिव पेठेत आणि येरवड्यात एकाच क्षणी. गडावरून निघालेली लहर प्रकाशाच्या वेगाने यायची, तिला जवळचं घर आणि लांबचं घर असा भेद करायला वेळच नव्हता.

मग १९९१ उजाडलं. आखाती युद्धाची क्षेपणास्त्रं थेट पडद्यावर दिसू शकतात हे जगाला कळलं, त्याच वर्षी स्टार टीव्ही उपग्रहावरून उतरला, आणि २ ऑक्टोबर १९९२ ला झी आलं. सिंहगडाची मक्तेदारी संपली. इमारतींच्या गच्च्यांवर जाळीच्या थोराड डिश चढल्या, आणि तिथून काळ्या तारा निघाल्या. या गच्चीवरून त्या गच्चीवर, गुलमोहरावरून विजेच्या खांबावर, खांबावरून तिसऱ्या मजल्याच्या गजाला वेढा घालून आत. कोणी विचारलं नाही, कोणी परवानगी दिली नाही. केबलचा कायदा झाला १९९५ मध्ये. आधी तारा आल्या, मग कायदा.

आणि तारेच्या टोकाला केबलवाला आला. खांद्यावर वायरचं भेंडोळं, खिशात पकड, शर्टाच्या वरच्या खिशात पावतीपुस्तक. पकड हाताशी नसेल तर दातांनी वायर सोलायचा, जाळी मागे सारायचा, आतली तांब्याची तार पिनमध्ये घालायचा आणि जॅक टीव्हीच्या पाठीत खुपसून विचारायचा, “आता बघा वहिनी, क्लिअर आहे ना?” महिन्याच्या सुरुवातीला तो दारात उभा राहिला की त्याला चहा विचारला जाई. कोणाच्या मुलाला अमेरिकेचा व्हिसा मिळाला, कोणाचे सासरे अंथरुणाला खिळलेत, कोणाकडे दोन महिन्यांचे पैसे थकलेत, हे सारं त्याला ठाऊक असे आणि पैसे मागताना तो त्याप्रमाणे आवाज बदलत असे.

त्याची स्वतःचीही एक वाहिनी असायची. दुपारी तिथे कोणता सिनेमा लागेल ते त्याच्या मर्जीवर, आणि सिनेमाच्या तळाशी साड्यांच्या सेलची पट्टी सरकत राहायची. विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रोडची मिरवणूक तिथे दिसे, आणि गर्दीत आपला पोरगा ओळखू येतोय का म्हणून अख्खं घर पडद्याला नाक लावून बसे.

त्याची दादागिरीही होती. आमच्या भागात एकच केबलवाला, दुसऱ्याला तो पाऊल टाकू द्यायचा नाही. तक्रार केली तर “संध्याकाळी येतो” म्हणायचा, कोणत्या संध्याकाळी ते सांगायचा नाही. आणि तारेत जागोजागी जे ॲम्प्लिफायर बसवलेले असत, त्यांना वीज मिळे ती वाटेतल्या कुठल्या तरी इमारतीतून. त्या इमारतीची लाईट गेली की आपली लाईट असूनही आपला टीव्ही मुका. चिडचिड व्हायची. आज मात्र वाटतं, दोन गल्ल्या पलीकडच्या अनोळखी माणसाच्या घरी अंधार झाला की आपल्यालाही ते कळत होतं, हे काही अगदीच वाईट नव्हतं.

केबलचं मरण हळूहळू आलं. मुंबईत २०१२ मध्ये आणि पुण्यात २०१३ मध्ये सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला, मुंग्या कायमच्या गेल्या. चित्र एक तर लख्ख दिसायचं, नाही तर चौकोनांत फुटायचं. फेब्रुवारी २०१९ पासून एकेका वाहिनीला किंमत चिकटली, आणि माणसं पहिल्यांदा यादी समोर घेऊन हिशेब करू लागली, की यातलं आपण पाहतो काय? हिशेबाला बसलेल्या घरात केबल फार दिवस टिकत नाही. तोवर मोबाईलवरचा डेटा स्वस्त झाला होता, आणि मालिकेने आपली वाट पाहायची की आपण तिची, हा प्रश्न निकालात निघाला होता.

अमेरिकेत केबल तोडणारे लोक पुन्हा छपराकडे वळले. तिथल्या स्थानिक वाहिन्या अजून हवेतून फुकट येतात, म्हणून एक अँटेना आणि बाकीचं इंटरनेटवर, असा त्यांनी मेळ घातला. आपल्याला ती वाट उरली नाही. दूरदर्शनचे जुने अॅनालॉग ट्रान्समीटर मोजकी ठिकाणं सोडून २०२२ पर्यंत बंद झाले. आपल्याकडे फुकटची वाट आता दूरदर्शनच्याच फ्री डिशची. खेड्यापाड्यांत पत्र्याच्या छपरांवर त्या छोट्या तबकड्या आग्नेयेकडे तोंड करून बसलेल्या दिसतात, कारण त्यांचा उपग्रह जीसॅट-१५ तिकडच्या आकाशात आहे. म्हणजे गच्चीची दिशा अगदीच मेली नाही, शहर सोडून गेली.

शहरात काय उरलं, ते २९ जून २०२४ च्या रात्री ऐकू आलं. टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना, दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात १६ धावा हव्या होत्या. हार्दिक धावत आला, मिलरने उंच टोला हाणला. चेंडू अजून हवेत होता आणि खालच्या मजल्यावरून आरोळी उठली. त्या घरात अजून केबल होती. मग समोरच्या विंगमध्ये, मग वरच्या मजल्यावर, मग आमच्याकडे, सूर्यकुमारने तो झेल पुन्हा पुन्हा घेतला. इंटरनेटवरून येणारा सामना काही सेकंदांच्या तुकड्यांत कापला जातो, तुकडे सर्व्हरवर साठतात, आपला फोन त्यातले काही आधी भरून ठेवतो आणि मग दाखवतो. घराघरातला हा साठा वेगळा, म्हणून घराघरातलं ‘आत्ता’ही वेगळं. एकाच इमारतीत आनंद हप्त्याहप्त्याने आला, आणि शेवटच्या घराला तो आधीच कळलेला होता.

केबल तुटल्याने सगळ्यांचं एकच ‘आत्ता’ हरवलं. पैसे वाचले, निवड वाढली, घरातल्या मुलीला वडिलांच्या हातातला रिमोट मागावा लागत नाही, हे सगळे फायदे खरे आहेत आणि मी त्यातला एकही परत करणार नाही. पण शेजारी कधीही अनोळखी होऊ शकतो, एकाच वेळी ओरडणारा शेजारी मात्र अनोळखी होत नाही. भिंतीपलीकडच्या माणसाचं नाव ठाऊक नसलं तरी त्याचा श्वास आपल्याबरोबर अडकला, हे कळत असे. ती ओळख फुकट होती, म्हणून कोणत्याच हिशेबात ती धरली गेली नाही.

गंमत अशी, की घरात फायबरची तार घालायला जो आला तो तोच केबलवाला. भेंडोळं तेच, तार केसाएवढी, पावतीपुस्तकाच्या जागी क्यूआर कोड. त्याला म्हटलं, पुढच्या फायनलला खाली पार्किंगमध्ये एकच पडदा लावून दे. तो म्हणाला, “इंटरनेटवरून की डिशवरून?” मी म्हटलं, कुठूनही आण. उशिरा आलं तरी चालेल, सगळ्यांना सारखंच उशिरा येऊ दे.